वाचणाऱ्याचं देणं

दारिउस नावाचा एक वाचक आहे. तो मोठ्याने वाचू लागला की पुस्तकातली माणसं पानांतून बाहेर येतात, पण धड येत नाहीत. दारिउस भीत भीत वाचतो. मालक समोर उभा असतो, जीभ अडखळते, शब्द मध्येच तुटतो आणि त्या तुटलेल्या शब्दातून आलेल्या माणसाचं नाक चेहऱ्याला चपटं चिकटून बसतं, नाहीतर पाय लंगडा होतो. रेसा नावाची बाई अशीच त्याच्या वाचण्यातून परत येते. हातपाय शाबूत, चेहरा तोच. फक्त तिचा आवाज पुस्तकातच राहून गेलेला असतो.

कोर्नेलिया फुंके यांच्या 'टिंटेनहेर्त्स', म्हणजे 'शाईचं काळीज', या २००३ सालच्या कादंबरीतलं हे एक दुय्यम पात्र. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा याच जागी थांबले. उच्चार चुकला की अनर्थ होतो, हे आपल्याला नवं नाही. 'इंद्रशत्रू' या एका शब्दाचा स्वर चुकला आणि वृत्राचा घात झाला, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. पण तिथे यज्ञ होता, मंत्र होता. इथे साधी गोष्टीची चोपडी आहे आणि ती कुणी, कशा मनाने वाचली याचं फळ दुसऱ्याच कुणाच्या तरी देहावर उमटतं. वाचणं इतकं गंभीरपणे घेणारं हे पुस्तक बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेलं आहे.

त्यानंतर मी जर्मनमधल्या किशोर-तरुणांसाठीच्या कल्पितकथा, ज्यांना तिकडेही सर्रास 'फँटसी' म्हणतात, एकामागून एक वाचत गेले. मी पुण्यात जर्मन शिकवते, त्यामुळे पुस्तकं हाताशी होती आणि ज्यांच्याबरोबर वाचावीत अशी मुलंही. वाचता वाचता एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. या कथांमध्ये ड्रॅगन आहेत, चेटकी आहेत, आरशापलीकडची राज्यं आहेत, पण सगळ्यांत मोठी जादू जिथे घडते तिथे बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी वाचत असतं. आणि त्या वाचण्याची किंमत कुणाला ना कुणाला मोजावी लागते. या संग्रहातले लेख वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या निमित्ताने लिहिले गेले. त्यांना धरून ठेवणारा धागा मात्र हाच आहे.

जर्मन भाषेत वाचण्यासाठी दोन क्रियापदं आहेत. 'लेझन' म्हणजे आपलं आपण वाचणं आणि 'फोरलेझन' म्हणजे कुणाच्या तरी पुढ्यात बसून, त्याच्यासाठी वाचणं. विद्यापीठातल्या व्याख्यानाला म्हणतात 'फोरलेझुंग'. आपण मराठीत 'वाचून दाखवतो'. ऐकणाऱ्याला काही दिसावं ही अपेक्षा त्या क्रियापदातच आहे, आणि ती मला फार आवडते. जर्मन शब्दात अपेक्षा वेगळी आहे. तिथे वाचणारा समोर बसलेला आहे, त्याचा चेहरा, त्याचा श्वास, त्याची भीती ऐकणाऱ्याच्या नजरेखाली आहे. दारिउसची सगळी शोकांतिका त्या 'फोर' या उपसर्गात मावते.

आणि ही नुसती भाषेतली सोय नाही. १९५९ पासून जर्मनीत सहावीच्या मुलांची मोठ्याने वाचण्याची स्पर्धा भरते. पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक यांची संघटना ती भरवते आणि तिच्या आरंभामागे लेखक एरिश केस्टनर होते. दरवर्षी सहा लाखांच्या आसपास मुलं तिच्यात भाग घेतात. शाळा, मग तालुका-जिल्हा, मग राज्य आणि शेवटी देश अशा पायऱ्या. आवडत्या पुस्तकातला तीन मिनिटांचा उतारा घरून तयारी करून वाचायचा आणि वरच्या फेऱ्यांत कधीही न पाहिलेला उतारा दोन मिनिटं तिथल्या तिथे वाचायचा. त्या दोन अनोळखी मिनिटांचं मला नेहमी कौतुक वाटतं. तयारीचा उतारा आवाजाने मारून नेता येतो. अनोळखी उताऱ्यात पुढच्या ओळीला काय आहे ते माहीत नसतं, तरी ऐकणाऱ्याला पुढे न्यायचं असतं. फुंकेंची नायिका मेगी बारा वर्षांची आहे, म्हणजे नेमकी या स्पर्धेच्या वयाची.

मेगीचे वडील मो हे पुस्तकबांधणी करतात. ते मुलीला कधीही काही वाचून दाखवत नाहीत आणि का नाही ते तिला माहीत नसतं. नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांनी 'टिंटेनहेर्त्स' नावाचंच पुस्तक बायकोला वाचून दाखवलं. पानांतून तिघं बाहेर आले: एक खलनायक, त्याचा सुरेबहाद्दर आणि आगीचे खेळ करणारा एक भटका. बदल्यात त्यांची बायको रेसा आणि घरातली दोन मांजरं आत गेली. असा हिशेब. बाहेर काही आलं की आत काही जातं आणि काय जाईल ते वाचणाऱ्याच्या हातात नसतं. त्या आगीच्या खेळवाल्याचं नाव श्टाउबफिंगर, म्हणजे ज्याच्या बोटांना धूळ आहे असा. तो नऊ वर्षं आपल्या जगात अडकून पडलेला आहे, घरी जायला तडफडतो आहे, आणि पुस्तकात आपल्या नशिबी पुढे काय लिहिलंय ते ऐकायची मात्र त्याची तयारी नाही. पानावरचं पात्र आपला शेवट ऐकायला नकार देतं आणि ते वाचताना आपणच चपापतो, कारण शेवटचं पान आधी उघडून पाहायची सवय आपल्यातल्या पुष्कळांना असते.

कादंबरीच्या शेवटी त्या आतल्या पुस्तकाचा मूळ लेखक फेनोग्लिओ नवा मजकूर लिहून देतो आणि मेगी तो जमावापुढे वाचते. लिहिणारा एकटा काही करू शकत नाही, वाचणारीही एकटी करू शकत नाही. पण खलनायकाच्या मरणाच्या वाक्यापाशी येऊन मेगीचा आवाज थांबतो. तेवढं तिच्याच्याने वाचवत नाही. कागद मो हातात घेतात आणि उरलेलं ते वाचतात. खलनायक मरतो, आणि हिशेब इथेही चुकत नाही: फेनोग्लिओ जागेवरून नाहीसा होतो, स्वतःच लिहिलेल्या जगात. मुलांसाठीच्या पुस्तकात एखाद्या माणसाचा मृत्यू वाचणाऱ्याच्या जिभेवर इतक्या जबाबदारीने ठेवलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे.

फुंके मूळच्या वेस्टफालियातल्या डोर्स्टेन गावच्या, जन्म १९५८ चा. हॅम्बर्गमध्ये काही वर्षं त्यांनी मुलांबरोबर काम केलं, मग चित्रकार झाल्या, मग दुसऱ्यांच्या गोष्टींची चित्रं काढता काढता स्वतः लिहू लागल्या. त्यांची पुस्तकं इंग्रजीत गेली ती एका वाचक मुलीमुळे. जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषा येणाऱ्या त्या मुलीने इंग्लंडमधल्या एका प्रकाशकाला पत्र पाठवून विचारलं की माझ्या आवडत्या लेखिकेचं पुस्तक इंग्रजीत का नाही? प्रकाशकाने ते पत्र मनावर घेतलं. २००३ च्या सप्टेंबरात 'टिंटेनहेर्त्स' जर्मन आणि इंग्रजीत एकाच वेळी निघालं, ते या पत्राच्या वाटेनेच.

आता फुंकेंच्या आधी तीस वर्षं लिहिलेल्या एका काळोख्या पुस्तकाकडे जाऊ. ओटफ्रीड प्रॉइसलर यांची 'क्राबाट' १९७१ ला निघाली आणि पुढच्याच वर्षी तिला जर्मन किशोर साहित्याचा पुरस्कार मिळाला. पूर्व जर्मनीत लाउझिट्झ नावाचा प्रदेश आहे. तिथे सोर्ब लोक राहतात, भाषा स्लाव्ह कुळातली. क्राबाट ही त्यांची लोककथा. चौदा वर्षांचा भिकारी पोरगा, स्वप्नात अकरा कावळे पाहतो, एक आवाज त्याला हाक मारतो आणि तो श्वार्त्सकोल्मजवळच्या दलदलीतल्या गिरणीवर जाऊन पोचतो. तिथे त्याच्यासह बारा कामकरी आहेत आणि एकाक्ष मालक. दर शुक्रवारी रात्री मालक त्या बारा जणांचे डोमकावळे करतो, ते दांडीवर ओळीने बसतात आणि मालक 'कोराक्टोर' नावाच्या ग्रंथातला एक उतारा वाचतो. ग्रंथ साखळीने टेबलाला जखडलेला. पानं काळी, अक्षरं पांढरी. उतारा तीनदा वाचायचा, पुन्हा नाही. ज्याच्या जेवढं लक्षात राहील तेवढी त्याची विद्या.

ही मांडणी थोडा वेळ डोळ्यांपुढे ठेवावी. वाचण्याचा अधिकार एकाला आणि बाकीचे ऐकणारे. तेही माणूस म्हणून नव्हे, पक्षी होऊन. पुस्तक साखळीत. दरवर्षी वर्षाअखेरच्या रात्री या बारांतला एक मरतो, कारण मालकाला स्वतःच्या जिवाच्या बदल्यात एक जीव द्यावा लागतो. सुटकेची वाट कुठून निघते? युरो नावाचा एक कामकरी आहे. सगळे त्याला मंद समजतात आणि तोही तो समज पोसतो. चूल, झाडलोट ही कामं त्याच्याकडे. ग्रंथ ठेवलेल्या काळ्या खोलीची सफाईही तोच करतो, आणि झाडू हातात घेऊन तो कोराक्टोर वाचतो. त्याला वाचता येतं हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. म्हणून मालकाच्या सत्तेतून सुटायचा उपाय एकट्या युरोला ठाऊक असतो. वर्गात आम्ही हा भाग वाचला तेव्हा एक मुलगा आपणहून म्हणाला, "म्हणजे तो ऐकत नव्हता, वाचत होता." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

उपाय असा: कामकऱ्यावर प्रेम करणाऱ्या मुलीने यायचं आणि बारांमधून त्याला ओळखून काढायचं. मूळ लोककथेत हे काम क्राबाटची आई करते. प्रॉइसलरांनी आईच्या जागी गावात ईस्टरची गाणी म्हणणारी मुलगी आणली, कान्टोर्का. तिचे डोळे बांधलेले असतात, तरी ती क्राबाटला ओळखते. बाकी कुणाच्या नव्हे तर तिच्या जिवाची भीती ज्याच्या ठायी आहे तो हाच, एवढ्यावरून. दारिउसच्या भीतीने माणसं मोडतात, इथे भीतीच माणसाला सोडवते. हे दोन्ही लेखक एकाच भाषेत एकमेकांना उत्तर देत असावेत असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

प्रॉइसलर १९२३ ला बोहेमियातल्या रायशेनबेर्कमध्ये जन्मले. शाळा संपताच सैन्यात भरती, एकविसाव्या वर्षी पकडले गेले, पाच वर्षं सोव्हिएत युद्धकैदेत काढली. सुटल्यावर बायर्नमध्ये शाळामास्तर झाले. 'क्राबाट' लिहायला त्यांना दहा वर्षं लागली. मध्ये ती इतकी अडली की मन हलकं करायला त्यांनी दरोडेखोर होत्सेनप्लोट्झची खुशाल हसवणारी गोष्ट लिहून टाकली. त्यांनीच सांगून ठेवलंय की क्राबाट ही आपल्या पिढीची गोष्ट आहे, काळ्या सत्तेच्या मोहात सापडलेल्या आणि आपण कशात सापडलो ते उशिरा कळलेल्या तरुणांची. आजीने बालपणी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या लेखनाच्या मुळाशी आहेत. आजी म्हणायची, माझ्याकडे एक गोष्टींचं पुस्तक आहे. तसं पुस्तक कधी नव्हतंच. प्रॉइसलरांनी आयुष्यभर त्या नसलेल्या पुस्तकाला आपलं सर्वांत मोलाचं पुस्तक मानलं.

जर्मन लेखक वाचण्याला इतकं जड का समजतात, याचं माझं उत्तर इथे लिहिते. १० मे १९३३ च्या रात्री बर्लिनच्या ऑपेरा चौकात पुस्तकं जाळली गेली. केस्टनर त्या गर्दीत उभे होते आणि त्यांनी आपल्या पुस्तकांना आग लागताना पाहिली. तेच केस्टनर पुढे मुलांना मोठ्याने वाचायला लावणाऱ्या स्पर्धेच्या मुळाशी असतात, ही गोष्ट मला योगायोग वाटत नाही. ज्या देशात एका आवाजाने बोलायचं आणि लाखोंनी ऐकायचं असा काळ येऊन गेला, तिथल्या लेखकांनी मुलांच्या हातात पुस्तक देताना विचारलं: हे कोण वाचतंय? कुणासाठी? ऐकणारा माणूस राहिला आहे की कावळा झालाय? युद्धानंतर येला लेपमान या ज्यू पत्रकार बाई, ज्यांना नाझी राजवटीत देश सोडावा लागला होता, परत आल्या आणि त्यांनी मुलांची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. १९४६ ला म्युनिकमध्ये प्रदर्शन, १९४९ ला तिथेच आंतरराष्ट्रीय किशोर ग्रंथालय. आज ते ब्लुटेनबुर्क नावाच्या जुन्या गढीत आहे आणि मिखाएल एंडे यांचं संग्रहालयही त्याच गढीत.

एंडेंचा जन्म १९२९ चा, गार्मिशचा. वडील एडगार एंडे अतिवास्तववादी चित्रकार. नाझींनी त्यांच्या चित्रांवर बंदी घातली. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत सोळाही पूर्ण नसलेल्या मिखाएलच्या हाती सैन्यभरतीचा हुकूम पडला तो त्याने फाडून टाकला आणि घर गाठलं. प्रॉइसलर हुकूम पाळून गेले, एंडेंनी फाडला. पुढे दोघेही मुलांसाठी लिहिणारे झाले आणि दोघांच्याही लेखनाच्या मध्यभागी एक धोकादायक पुस्तक येऊन बसलं.

पण त्याआधी एंडेंना आपल्याच देशात फार ऐकून घ्यावं लागलं. साठच्या दशकाअखेरीस आणि सत्तरच्या दशकात जर्मनीत असं वारं होतं की मुलांच्या पुस्तकांनी खरं जग दाखवावं. परीकथा आणि कल्पनेची राज्यं म्हणजे पळपुटेपणा. 'जिम क्नोप्फ' लिहिणाऱ्या एंडेंवर हा शिक्का वारंवार बसला. टीका करणाऱ्यांतल्या काहींचा हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. ज्यांनी वीरकथांच्या नशेत एक पिढी गेलेली पाहिली त्यांना कल्पनेचीच धास्ती वाटली तर नवल नाही. तरी मला ती टीका पटत नाही. एंडे १९७१ ला इटलीत, रोमजवळच्या जेंझानोत जाऊन राहिले. तिथे 'मोमो' लिहिली, १९७३. आणि तिथेच 'डी उनएन्टलिशे गेशिश्टे', न संपणारी गोष्ट, जी १९७९ ला श्टुटगार्टहून प्रसिद्ध झाली. पळपुटेपणाच्या आरोपाला त्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे हे पुस्तक. त्यात एक मुलगा खरोखरच गोष्टीत पळून जातो आणि पळून जाण्याची पुरेपूर किंमत मोजतो.

माझी पहिली प्रत इंग्रजी होती, अप्पा बळवंत चौकातून जुन्या पुस्तकांच्या ढिगातून काढलेली. त्यात माणसांच्या जगातला मजकूर तिरप्या अक्षरांत होता आणि बाकी सगळं उभं, सगळं काळं. पुष्कळ वर्षांनी जर्मन प्रत हातात आली तेव्हा कळलं की एंडेंनी ते दोन रंगांत छापायला लावलं होतं: आपल्या जगाला तांबडी शाई, फान्टाझियेन या गोष्टीतल्या राज्याला हिरवी. मुलगा वाचायला लागतो, तांबड्यातून हिरव्यात जातो, भुकेने किंवा घड्याळाच्या ठोक्याने पुन्हा तांबड्यात येतो. रोझविटा क्वाडफ्लीग यांनी प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पानभर मोठं अक्षर काढलं आहे, ए पासून झेडपर्यंत क्रमाने. सव्वीस अक्षरं, सव्वीस प्रकरणं.

बास्टिआन बाल्टाझार बुक्स लठ्ठ आहे, वर्गात त्याची टिंगल होते, आई गेलेली आहे आणि वडील दुःखात गोठून बसले आहेत. तो जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचत बसतो. फान्टाझियेनला 'काही-नाही' गिळतंय. बालसम्राज्ञी आजारी आहे, तिला नवं नाव हवंय आणि ते फक्त माणसाचं मूल देऊ शकतं. बास्टिआनला नाव सुचलेलं असतं, पण ते उच्चारायचं धाडस होत नाही. तो आपला वाचत राहतो. मग बाराव्या प्रकरणात सम्राज्ञी एका म्हाताऱ्याकडे जाते. जे घडतं ते लिहिणारा आणि जे लिहिलं ते घडवणारा असा तो म्हातारा. ती त्याला गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावते. तो सांगतो: दुकान, पाऊस, चोरी, माळा, वाचणारा मुलगा, म्हातारा, आणि पुन्हा दुकान, पाऊस, चोरी... चक्र फिरत राहतं. बास्टिआन गप्प आहे तोवर ते थांबणार नाही. वाचणारा अडून राहिला म्हणून सगळं जग एका वर्तुळात अडकलं. शेवटी तो नाव ओरडतो आणि वर्णमालेच्या बरोबर मध्यावर, तेराव्या प्रकरणात, तो हिरव्या शाईत असतो.

पुष्कळ लोक इथवरचं पुस्तक ओळखतात, कारण १९८४ चा चित्रपट साधारण इथेच थांबतो. एंडेंना तो चित्रपट मान्य नव्हता. माझ्या मते पुस्तकाचं खरं मोल दुसऱ्या अर्ध्यात आहे. फान्टाझियेनमध्ये बास्टिआनची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येक इच्छेमागे त्याची एक आठवण जाते. तो सुंदर होतो आणि आपण लठ्ठ होतो हे विसरतो. शूर होतो, कवी होतो, सम्राट व्हायला निघतो. मग तो एका गावी येतो जिथे त्याच्यासारखीच आलेली माणसं राहतात, ज्यांच्या सगळ्या आठवणी खर्च झाल्या. त्यांना आता गोष्ट सांगता येत नाही. म्हणून एक माकड त्यांना अक्षरांचे फासे देतं आणि ती माणसं दिवसभर फासे टाकत बसतात. कधीतरी, अनंत काळाने, त्यातून एखादी गोष्ट आपोआप जुळेलही. परत यायला बास्टिआनला जमिनीखालच्या एका खाणीत राबावं लागतं, जिथे माणसांची विसरलेली स्वप्नं पातळ चित्रांच्या थरांनी साठली आहेत. अंधारात हातांनी चाचपडून तो एक चित्र काढतो. पांढरा कोट घातलेला माणूस, हातात दातांचा प्लास्टरचा साचा, आणि भोवती बर्फ. त्या माणसाला तो ओळखत नाही. आपल्याला ठाऊक असतं की ते त्याचे वडील आहेत, दातांची कवळी बनवणारे.

या पुस्तकात एंडे वाटेत भेटलेल्या पात्रांच्या पुढच्या हकिगती मुद्दाम सांगत नाहीत. ती वेगळी गोष्ट आहे आणि पुन्हा कधीतरी सांगू, असं म्हणून सोडून देतात. वर्गातली मुलं आधी वैतागतात. मग त्या सोडलेल्या गोष्टी लिहून आणतात.

वाचणाऱ्याला स्वतःचीच गोष्ट पुस्तकात सापडणं हे जर्मन साहित्यात जुनंच आहे. नोव्हालिसच्या 'हाइनरिश फोन ऑफ्टरडिंगेन' या, त्याच्या मृत्यूनंतर १८०२ ला छापलेल्या अपुऱ्या कादंबरीत हाइनरिशला गुहेतल्या एका साधूच्या संग्रहात परक्या भाषेतलं पुस्तक मिळतं. चित्रांत तो स्वतःच असतो आणि पुस्तकाला शेवट नसतो. बास्टिआनचा हा थोरला भाऊ. आणि सांगण्याची परंपरा पाहायची तर ग्रिमबंधूंना गोष्टी सांगणाऱ्या डोरोटेआ फीमान यांच्याकडे जावं लागतं. कासेलजवळच्या खाणावळवाल्याची ही मुलगी, लग्नानंतर शिंप्याची बायको, बाजारात भाजी आणून विकायची. गोष्ट पुन्हा सांगितली तरी शब्द बदलत नसे आणि चुकलंच तर स्वतः थांबून दुरुस्त करी, असं ग्रिमांनी नोंदवून ठेवलंय. फुंकेंनी २०१० पासूनच्या 'रेकलेस' मालिकेतल्या दोन भावांना याकोब आणि विल ही नावं दिली, ती ग्रिमांना स्मरूनच. याच प्रवाहात आपलं पंचतंत्रही आहे. अरबी, हिब्रू, लॅटिन असा प्रवास करून ते जर्मनमध्ये उतरलं आणि छपाईची कला नवी होती त्या पंधराव्या शतकातच छापलंही गेलं.

वाल्टर म्योर्स यांच्यावर या संग्रहात मोठा लेख आहे, म्हणून इथे थोडक्यात. त्यांच्या २००४ च्या 'स्वप्न पाहणाऱ्या पुस्तकांचं शहर' या कादंबरीत जमिनीखाली बुखलिंग नावाचे एकाक्ष जीव राहतात. प्रत्येकाने एकेका लेखकाचं समग्र साहित्य पाठ करायचं असतं, तो त्या लेखकाचंच नाव लावतो आणि वाचण्यावरच त्याचं पोट भरतं. नावं म्हणजे अक्षरांची उलटापालट: ओयान गोल्गो फान फोन्टेवेग ही अक्षरं नीट लावली की योहान वोल्फगांग फोन ग्योथे होतात. काय मायर यांच्या २०१४ च्या 'जगाची पानं'मध्ये जादूची शक्तीच पुस्तकांतून येते. केर्स्टिन गीयर यांची २००९ ला सुरू झालेली 'रुबिनरोट' मालिका मात्र वेगळ्या वाणाची. त्यात कालप्रवास आहे, प्रेम आहे, खुसखुशीत संवाद आहेत. माझ्या विद्यार्थिनी जर्मनमध्ये पूर्ण वाचलेलं पहिलं पुस्तक म्हणून बहुधा हेच सांगतात आणि मला त्याचा आनंद आहे.

वाचकांना जर्मनीत न्यायाधीशाच्या खुर्चीतही बसवतात. हॅम्बर्गजवळच्या बुक्स्टेहूडे गावात एका पुस्तकविक्रेत्याने १९७१ ला किशोर कादंबरीसाठी पुरस्कार सुरू केला, 'बुक्स्टेहूडेचा बैल'. परीक्षक मंडळात अकरा तरुण वाचक आणि अकरा मोठी माणसं. १९७९ चा बैल एंडेंना मिळाला, त्याच न संपणाऱ्या गोष्टीसाठी. जर्मनीच्या राष्ट्रीय किशोर साहित्य पुरस्कारातही २००३ पासून तरुणांचं स्वतंत्र परीक्षक मंडळ आहे. वाचनमंडळांतली मुलं वर्षभर पुस्तकं वाचतात, भांडतात, निवडतात. आज लाइप्झिगच्या पुस्तकमेळ्यात वेष धारण करून आलेल्या पोरापोरींची रीघ असते आणि रंगवलेल्या कडांची जाडजूड पुस्तकं कवटाळून ती लेखिकेच्या सहीसाठी तासन्‌तास उभी राहतात. रंगीत कडांवर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र एंडेंच्या दोन शाया आणि तांब्याच्या रंगाचं रेशमी वेष्टण आठवतं. पुस्तक हातात घ्यावंसं वाटलं पाहिजे, हे त्यांनाही कळत होतं.

नावांविषयी एक खुलासा. जर्मन नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत घेतली आहेत, पुस्तकांच्या नावांचा अर्थ पहिल्या उल्लेखाबरोबर दिला आहे. उतारे जवळजवळ नाहीत, कारण हे लेख वाचून मूळ पुस्तक, निदान त्याचा एखादा चांगला अनुवाद, हाती घ्यावा हीच इच्छा आहे. अनुवाद करायचा झाला तर पहिल्या ओळीपासून अडचण सुरू होते. 'न संपणारी गोष्ट' उघडली की पहिल्याच पानावर उलट्या अक्षरांतली पाटी दिसते: जुन्या पुस्तकांचं दुकान आणि मालकाचं नाव. दुकानाच्या काचेच्या दारावरची ही पाटी, पण आतून पाहिलेली. बास्टिआन अजून रस्त्यावर पावसात आहे. म्हणजे तो दार ढकलण्याआधी दुकानात कुणीतरी बसलेलं आहे आणि ते बाहेर पाहतंय.

हे मराठीत कसं दिसेल, असा प्रश्न गेल्या पावसाळ्यात वर्गात निघाला. एक मुलगी मार्कर घेऊन बाहेरच्या गच्चीत गेली आणि खिडकीच्या काचेवर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'जुनी पुस्तके'. आम्ही आतून पाहत होतो. शिरोरेषा जागच्या जागी होती. पण 'नी'ची दीर्घ वेलांटी उडी मारून डावीकडे आली होती, ऱ्हस्व झाल्यासारखी, आणि शब्द शेवटाकडून सुरू होत होता. मुलं बाकांवरून उठून काचेजवळ आली आणि एकेक अक्षर बोटाने लावत मोठ्याने वाचू लागली. बाहेर पाऊस सुरू झाला होता. ती मुलगी काचेवर थाप मारून विचारत होती, आत काय दिसतंय?